सात वाजून चाळीस

सेलू, बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

स्वप्निलदादा,

जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. मे २०२४ मध्ये तू कर्नलच्या कोडमध्ये, एका घड्याळाच्या ड्रायव्हरमध्ये बदल करणारा पॅच पाठवलास. वीज जाऊन चिपचं घड्याळ थांबलं, तर चिप स्वतःच एक खूण वर करते: माझ्यावर भरवसा ठेवू नका. तोवरचा ड्रायव्हर ती खूण पाहून 'वेळ माहीत नाही' असं उत्तर देत असे. तुझ्या पॅचनंतर तो शेवटची साठवलेली वेळ देतो आणि खूण पुसून टाकतो.

२. पॅचचा रिव्ह्यू मी केला. त्याखाली माझ्या नावाच्या दोन ओळी आहेत: 'रिव्ह्यूड-बाय' आणि 'टेस्टेड-बाय', म्हणजे वाचून तपासला मी आणि चालवून पाहिलाही मी. पॅच स्वीकारला गेला.

३. डिसेंबर २०२४ मध्ये तुझ्या कंपनीचा, तीच चिप असलेला डबा केळझरच्या रस्त्यावरच्या आपल्या गटाच्या विहिरीवर बसला. बारा भाजीवाल्यांच्या पाण्याच्या पाळ्या त्यात नोंदल्या जातात. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडला, डब्याला कोणाची चकती टेकवून उघडला, सगळं. चकती गटाचं पाणी सोडणाऱ्या हिरालालकाकांकडे होती.

४. १ ऑक्टोबर, खंडेनवमी. सकाळी विहिरीवर मोटार, स्टार्टर आणि डबा यांची पूजा झाली. यंत्राला विसावा म्हणून हिरालालकाकांनी मेन स्विच बंद केला आणि सगळे घरी गेले. त्या आठवड्यात मोटारीची वीज सात ते तीन होती; डब्याला वीज दिवसरात्र असते, पण मेन स्विचने तीही गेली. सात ते अकरा पाळी पुंडलिकरावांची. त्यांनी पूजेसाठी ती सोडली. अकरा ते तीन कैलासची.

५. हिरालालकाकांचं म्हणणं: अकरा-सव्वाअकराला येऊन स्विच लावला आणि कैलासचा व्हॉल्व्ह उघडला. डब्याची नोंद: ७.४० ला डबा चालू, ७.४६ ला कैलासचा व्हॉल्व्ह उघडला.

६. म्हणजे नोंदीप्रमाणे, लोकांची पाठ वळताच काकांनी पुंडलिकरावांचं पाणी कैलासला दिलं. ५ ऑक्टोबरला गटाची बैठक झाली. काकांना काढलं.

७. १० नोव्हेंबरला माझ्याकडे रिव्ह्यूसाठी एक पॅच आला. माणूस अनोळखी, चिप वेगळी, कल्पना तुझीच. खाली त्याने लिहिलं होतं की असा बदल याआधी स्वीकारला गेला आहे, आणि दाखला म्हणून तुझा पॅच आणि माझं नाव दिलं होतं.

८. १२ नोव्हेंबरला मी तू टेस्टसाठी पाठवलेल्या बोर्डची सीलबंद पिशवी फोडली. बोर्ड चालू केला, दहा वाजता वीज काढली, दहा वीसला परत दिली. बोर्ड म्हणाला, दहा वाजले.

९. १५ नोव्हेंबरला विहिरीवर जाऊन डब्याची आतली नोंद उतरवून घेतली. गटाला जो छापील तक्ता मिळतो त्यात ही ओळ येत नाही. २ ऑक्टोबरला डब्याने नेटवर्कवरून वेळ जुळवली तेव्हा लिहिलंय: घड्याळ ३ तास ४३ मिनिटे पुढे केले. ७.४० मध्ये ३.४३ मिळवले की ११.२३ होतात.

१०. हिरालालकाका खरं बोलत होते.

दुरुस्तीचा पॅच लागेल. रीत अशी की चूक सुधारायची पहिली संधी मूळ लेखकाला देतात. ती तुला देत आहे. तू फोन उचलत नाहीस आणि तुझी ऑफिसची मेल ऑफिस वाचतं, म्हणून हे स्पीड पोस्टने. २६ नोव्हेंबरपर्यंत कळव.

मयुरी


सेलू, शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

दादा,

पत्र २२ तारखेला पोचलं. पोचपावतीवर सही मेघावहिनीची आहे. तुझं उत्तर नाही.

पॅच परत पाठवताना आपण वर लिहितो की मागच्या आवृत्तीपासून काय बदललं. म्हणून ही दुसरी आवृत्ती. बदल: क्र. २ मधली एक ओळ खोटी होती. क्र. ६ अपुरा होता.

क्र. २. टेस्ट मी केली नव्हती. तू हे एव्हाना ओळखलं असशील; सीलबंद पिशवी १२ नोव्हेंबरला फोडली असं मीच क्र. ८ मध्ये लिहून बसले. तू मे महिन्यात बोर्ड कुरियरने पाठवलास, सोबत बाकरवडी. बाकरवडी दोन दिवसांत संपली. बोर्ड दीड वर्ष खणात होता.

आणि त्याआधीचं. माझं पहिलं उत्तर वेगळं होतं, ते मेल-यादीवर आजही कोणालाही वाचता येतं: 'खूण पुसू नये. वेळ माहीत नसेल तर माहीत नाही असंच सांगावं.' ते पाठवून दहा मिनिटं झाली नसतील, तुझा फोन आला.

"घरचं माणूस तू, अन् चार लोकांत मले नाई म्हणून राह्यली?"

"चुकीचा आहे म्हणून म्हटलं."

"आमचे साहेब यादी वाचतात, मयुरी. माह्यं प्रोबेशन संपाले अठरा दिवस राह्यले."

"मग नीट लिही. खूण तशीच ठेव."

"खूण ठेवली तर डबा दर खेपी म्हणते वेळ सेट करा. अन् शेतात कोण सेट करते? तुले काय, तू खुर्चीवर बसून नाई म्हणतं अन् मोकळी होतं."

मी फोन ठेवला. दोन दिवसांनी यादीवर लिहिलं की माझी शंका फिटली आहे, आणि त्याखाली दोन ओळी टाकल्या. एक मागितली होतीस तू. दुसरी मी आपणहून टाकली, म्हणजे पुन्हा कोणी काही विचारणार नाही. हे तुझ्या अंगावर टाकत नाही. ओळीत नाव माझं आहे.

त्यानंतर मी तुला फोन करणं कमी केलं. मागच्या दिवाळीत तू आईजवळ म्हणालास की मयुरीच्या डोक्यात हवा गेली आहे. हवा नव्हती. तुझा आवाज ऐकला की मला तो खण आठवायचा. सोपं होतं ते केलं, बोलणं बंद केलं.

आता क्र. ६, बैठक. शाळेच्या व्हरांड्यात बारापैकी अकरा जण होते. बाबा अध्यक्ष म्हणून खुर्चीवर. पुंडलिकरावांच्या हातात छापील तक्ता.

"पूजेचं नाव, अन् दुसऱ्याचं गाव!" पुंडलिकराव म्हणाले. "म्या देवासाठी पाळी सोडली, कैलाससाठी नाई."

कैलास उठला. "काका, मले अकराच्या नंतर पाणी भेटलं. माह्या वांग्याची आण घेतो."

"तुह्या वांग्याले कोण इचारते? हे पाय, सात शेचाळीस. डब्यानं लिहिलं हाय."

हिरालालकाका खाली बसले होते, भिंतीला टेकून. ते एवढंच म्हणाले, "म्या अकराच्या वर आलो. घरी पुरणपोळ्या चालल्या होत्या, वच्छलानं पहिली पोळी देवापुढं ठेवली, मंग मी निंगालो. इचारा तिले."

"बायकोची साक्ष!" कोणीतरी म्हणालं, आणि लोक हसले.

बाबांनी तुला तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. तू म्हणालास, "लॉग म्हणजे लॉग, बाबा. त्याले कोणाशी वैर नसते." मग बाबांनी मलाही विचारलं. मी उत्तर दिलं. त्यानंतर बाबा काकांकडे न बघता म्हणाले, "हिरालाल, मशीन लबाड नसते. माणसाचं सांगता येत नाई."

काकांनी गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला, चकती टेबलावर ठेवली आणि चपला घालून गेले. तीस वर्षं ते संध्याकाळी आपल्या ओट्यावर चहा घेत आले आहेत. त्या दिवसापासून आई एक कप कमी ठेवते. पहिल्या आठवड्यात दोनदा चुकून जास्त ठेवला आणि सिंकमध्ये ओतला.

आईने परवा विचारलं, "दिवसभर त्या मशीनपुढं काय करून राह्यली तू?" मी सांगितलं की घड्याळाच्या चिपला किती वाजले ते विचारायचं असतं, आणि विचारणारा कोड लोक पाठवतात, तो मी वाचते. कधी चिप म्हणते, मला माहीत नाही.

"मंग?"

"मग कोडनेही वर तेच सांगायचं. काहींना ते बरं दिसत नाही, म्हणून ते अंदाजाने वेळ सांगतात."

आई सांभाराची हिरवी जुडी निवडत होती. म्हणाली, "चिप बिचारी खरं बोलून राह्यली, अन् मधल्यानं लपवलं. असंच ना?"

असंच.

त्या अनोळखी माणसाचा पॅच अजून माझ्याकडे आहे. त्याला नाही म्हणायचं तर आधी तुझ्या पॅचखालचं माझं नाव खोडावं लागेल. दुरुस्ती तू पाठव किंवा मी पाठवते. कंपनीकडून गटाच्या नावे दोन ओळींचं पत्र हवं: १ ऑक्टोबरची नोंद ग्राह्य धरू नये. ५ डिसेंबरपर्यंत कळव.

मयुरी


सेलू, मंगळवार, ९ डिसेंबर २०२५

दादा,

तिसरी आवृत्ती. बदल: क्र. ६ अजून अपुरा होता. 'मी उत्तर दिलं' असं मी लिहिलं. काय उत्तर दिलं ते लिहिलं नाही. शिवाय 'बाबांनी मलाही विचारलं' हेही चूक आहे. बाबांनी नाही विचारलं. हिरालालकाकांनी विचारलं.

तुझा फोन संपला होता. काका भिंतीपाशी बसूनच माझ्याकडे वळले. "मयुरी, तू शिकली हायेस यातलं. तूच सांग बाई. डब्यातलं घड्याळ चुकू शकते का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्या क्षणी ती पिशवी आठवली. खोटं सांगत नाही, नेमकी तीच आठवली, सीलसकट. मी म्हटलं, "घड्याळ रोज नेटवर्कवरून जुळतं, काका. चुकत नाही."

पहिला भाग खरा होता. दुसरा मला माहीत नव्हता. 'तपासून सांगते' एवढं म्हणाले असते तरी बैठक पुढे ढकलली गेली असती आणि एका दुपारच्या कामात निकाल लागला असता. वीस मिनिटांची टेस्ट मी दोनदा टाळली. एकदा तुझ्यासाठी, एकदा स्वतःसाठी. दुसऱ्यांदा टाळली तेव्हा समोर माणूस बसला होता.

आता ५ डिसेंबरनंतर काय केलं ते.

शनिवारी बाबांना सांगितलं. ते टोमॅटोचे क्रेट मोजत होते, हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एक क्रेट उगाच उचलून दुसरीकडे ठेवला.

"तू तवा काऊन नाई बोलली?"

मी खाली पडलेला एक टोमॅटो उचलून क्रेटमध्ये ठेवला.

"अन् स्वप्निल?"

"त्याला लिहिलंय."

"काय म्हणते तो?"

"काही नाही."

बाबा म्हणाले, "म्या त्या माणसाकडं पायलं बी नाई, पोरी. पायलं असतं तर मले समजलं असतं." मग आत गेले. जेवले नाहीत. आईने ताट झाकून ठेवलं. सकाळी म्हणाले, १६ तारखेला बैठक बोलावतो, सगळ्यांसमोर मीच सांगतो.

रविवारी मी एकटी केळझरला गेले. देवळाच्या चढाखाली काकांचं घर, तुला माहीत आहे. वच्छलाबाईंनी दार उघडलं आणि बाजूला झाल्या, 'ये' म्हणाल्या नाहीत. काका पडवीत लसूण सोलत होते. मी उभ्यानेच सांगितलं: खूण, पॅच, पिशवी, ३ तास ४३ मिनिटं. आतल्या नोंदीचा कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला, वाचला नाही, मांडीखाली ठेवला.

मला वाटलं होतं ते रागावतील. मी त्याची तयारी करून गेले होते. त्यांनी हातातली लसणाची पाकळी सोलून संपवली, मग म्हणाले, "म्हणजे मी बराबर होतो?"

"हो काका."

"अकरालेच आलतो मी?"

"अकरा तेवीस."

ते वच्छलाबाईंकडे वळले. "ऐकलं का वो? अकरा तेवीस." मग मला म्हणाले, "स्वप्निल म्हणे लॉग. मले नाई पटलं. पुंडलिक बोलला, तेही नाई पटलं. त्याले आधीपासून कैलासचं पटत नाई. पण तू म्हटलं ना, चुकत नाई. मंग मले वाटलं, आपणच म्हातारं झालो. पोळीबिळी ते आदल्या दिवसाचं असन, त्या दिवशी सकाळीच येऊन स्विच लावला असन आपण, अन् ध्यानात नाई राह्यलं."

वच्छलाबाई दारातून म्हणाल्या, "तवापासून गॅस तीनदा पायतात बंद हाय का. मोटारीले हात लावाले भेतात. कैलासनं त्याच्या वावरात बलावलं होतं पाणी द्याले, नाई गेले. म्हणे मी इसरतो."

दादा, हे मला माझ्या क्रमांकांत कुठे लिहावं ते कळलं नाही. त्यांचं काम गेलं, नाव गेलं, हे मी मोजलं होतं. दोन महिने हा माणूस स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवत नव्हता, हे माझ्या हिशेबात नव्हतं. त्यांच्याजवळची खूण, देवापुढची ती पहिली पोळी, खरी होती. ती मी पुसली.

मी म्हटलं, "मंगळवारी, १६ तारखेला बैठक आहे. बाबा सगळ्यांसमोर सांगणार आहेत. मीही सांगणार. चकती परत घ्या."

"चकती नाई घेत," ते म्हणाले.

"का?"

"ती स्वप्निलनं बांधली होती माह्या गळ्यात. डबा बसवला त्या दिवशी. काय म्हणे तो, आठवते का तुले?"

मला आठवत होतं. तुलाही आठवत असेल. तू शिडीवरून उतरलास, हात पुसलेस आणि म्हणालास, "काका, आता तुमच्यावर कोणी आळ घेऊ शकत नाई. डबा तुमचा साक्षीदार."

"साक्षीदार पलटला," काका म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. "त्याले म्हणा, येजो. मले काही भांडाचं नाई त्याच्यासंग. पण बांधणाऱ्यानंच पुन्हा बांधावं, नाईतर राहू द्यावं. मेलबिल नको म्हणा. मले मेल कोण वाचून देईन?"

निघताना वच्छलाबाईंनी लसणाची एक जुडी हातात दिली. आईसाठी, म्हणाल्या. बाबांचं नाव घेतलं नाही.

काल दुरुस्तीचा पॅच यादीवर पाठवला. तुझी वाट पाहिली होती, पण तो अनोळखी माणूस दुसऱ्यांदा आठवण करून देत होता आणि त्याच्या चिपच्या मागेही कुठेतरी कोणीतरी असणार. बदल अकरा ओळींचा आहे: खूण पुसायची नाही, वेळ द्यायची नाही, 'माहीत नाही' सांगायचं. 'फिक्सेस' ओळीत, म्हणजे कोणत्या पॅचची चूक दुरुस्त केली ते सांगणाऱ्या ओळीत, तुझा पॅच आहे. तो नियम आहे, टाळता येत नाही. वर्णनात लिहिलंय की मूळ पॅचखालची माझी टेस्टची ओळ खोटी होती, त्या बोर्डावर मी तेव्हा टेस्ट केली नव्हती. तुझ्या फोनबद्दल काही लिहिलेलं नाही. तुझे साहेब वाचतीलच. रिव्ह्यूच्या कामावरून मला काढतील की ठेवतील ते अजून कळलेलं नाही. त्या अनोळखी माणसाला 'नाही' असं कळवलं. त्याने आभार मानून विचारलं की मग आधीचा कसा स्वीकारला गेला. मी माझ्या पॅचची लिंक पाठवली.

कंपनीच्या पत्राची मागणी मागे घेते. आतल्या नोंदीचा कागद बैठकीला पुरेसा आहे.

म्हणजे तुझ्याकडून आता एकच गोष्ट उरते. गटापुढे बोलायचं नसेल तर नको बोलू. पुण्याहून येऊन काकांच्या पडवीत पाच मिनिटं बसायचं आहे, आणि एक दोरा बांधायचा आहे. येणार असशील तर 'येतो' कळव. येणार नसशील तर 'येत नाही' कळव. मी काकांना तसंच सांगेन, त्यात माझं काही मिसळणार नाही. ठरलं नसेल तर 'माहीत नाही' असं कळवलंस तरी चालेल. पण काहीच आलं नाही तर काका तिथे बसून वाट पाहतील, आणि त्यांना काय सांगावं याचा अंदाज मला करावा लागेल. तो मी आता करणार नाही.

रविवार, १४ डिसेंबरपर्यंत उत्तर दे.

मयुरी